ही छाती कोणाची?

१

फॉरेस्टच्या साहेबानं अब्बाच्या हातून गाडीची चाबी काढून घेतली, तवा मी डबा घेऊन हापिसाच्या दारातच उभी होती.

ही गाडी म्हणजे जंगलात आग लागली का सगळ्यात पयले पोचते ते. मांगं पाण्याची टाकी, वरतं पिवळा लाइट. गावचे पोरं तिले आगगाडी म्हणून चिडवते. अस्वलानं कोणाले फाडलं, वाघानं कोणाले धरलं, तरी हेच गाडी जाते, आन् ते माहे अब्बा चालवते. एटापल्लीच्या रस्त्यावर खदानीचे ट्रक कोणाच्या बापाले साइड देत नाई, पण नईम ड्रायव्हरची गाडी पाह्यली का देते.

"नईमभाऊ, छातीत डाग आहे," साहेब म्हणाले. त्यायच्या हातातल्या लिफाफ्यातून काळी फिल्म अर्धी भायेर आली होती. "उजव्या बाजूला, वर. चंद्रपूरला मोठा स्कॅन होईल. मंजुरी आली, खर्च पॉलिसीतून. पण रिपोर्ट साफ येईपर्यंत गाडी नाही, आणि धुरात तर अजिबात नाही."

पॉलिसी ह्याच वर्षी आली होती. आगीत जाणाऱ्या पक्क्या नोकरीवाल्यायची दर वर्षी छातीची तपासणी फुकट, बिमार पडायच्या आंधीच. मागच्या मयन्यात एक्स-रेची व्हॅन कॅम्पवर येऊन गेली होती.

मी वाट पाहून राह्यली होती का अब्बा आता भांडन. तरकारीत मीठ कमी पडलं तं घर डोक्यावर घेणारा माणूस! पण अब्बानं फिल्मकडं पाह्यलंच नाई. त्यायनं भायेर पाह्यलं. भायेर मोहाच्या झाडाखाली सीजनचे तीन फायर वॉचर बसले होते. देवाजी, लटारू आन् बुधू. रोजीवर येणारे.

अब्बानं तिघायकडं एक एक करून पाह्यलं आन् म्हटलं, "ठीक हाय साहेब."

माह्या डोक्यात तिथीच ठिणगी पडली. ज्या माणसाले छातीत दाग सांगतला, तो दुसऱ्यायच्या तोंडाकडं काऊन पायते?

२

आमच्या सैपाकघराच्या खिडकीची काच कवाचीच फुटली. तिथी अम्मीनं अब्बाचा जुना एक्स-रे चिकटवून ठेवला हाय. जीप उलटली होती तवाचा. पाणी येत नाई, उजेड येते. मी लहान होती तवापासून चाय पिताना अब्बाच्या फासळ्या पायते.

घरी आल्यावर मी नवीन फिल्म लिफाफ्यातून काढली आन् खिडकीत जुनीच्या बाजूले धरली.

"आयत, ते ठेव तिथी," अब्बा म्हणाले.

"पाहून राह्यली ना."

"तू डाक्टर हायेस का? दहावीत तं सरच्या अंगावर डस्टर फेकून घरी आली."

"डस्टर त्यायनं पयले फेकलं होतं. मी वापस देल्लं."

जुन्या फिल्मवर डाव्या बाजूची एक फासळी तडकली होती. ते हाड मंग जुडलं, पण तिथी गाठ राह्यली. अब्बा बनियन घालते तवा आजबी हात लावला का बोटाले लागते. नवीन फिल्मवर मी तीच फासळी मोजून पाह्यली. सपाट. इकडून सपाट, तिकडून सपाट. जशी काई कवा मोडलीच नाई.

मी अब्बाच्या कुशीले हात लावला. गाठ जाग्यावरच होती.

"अब्बा, ही छाती तुमची नाई."

अम्मीच्या हातातलं लाटणं थांबलं. अब्बा उठले, दार लावलं आन् हळू आवाजात म्हणाले, "आता गावभर सांग."

"मंजे तुमाले मालूम होतं?"

"मी फोटो काढलाच नाई बेटा. व्हॅन आली त्या दिवशी मी आलापल्लीले गेलो होतो. वापस आलो तं ते लोक सामान बांधून राह्यले होते. म्हणाले, तुमचं झालं. मले वाटलं, पोरायनं नेहमीसारखी हाजिरी मारली."

कॅम्पवरची ही जुनी आदत हाय. कोणी आगीवर गेला, गाडी घेऊन गेला, आन् इकडं त्याचं नाव पुकारलं, तं जो जवळ असन तो 'हाजिर' म्हणून देते. मंग राशन असो, पाण्याचे बूट असो का ताटात वाढाचं असो. गेलेल्या माणसाची पाळी खाली जाऊ द्याची नाई. एकमेकाचा जीव सांभाळणारे लोक, एकमेकाचं नाव बी सांभाळते.

"मंग साहेबाले सांगा ना!"

"काय सांगू? का माह्या नावावर कोणीतरी आंत गेला? साहेब तिघायलेबी काढन. रोजीवरचे हायेत ते. पॉलिसीत बी नाई. माहा काय, घरी बसलो तरी पगार येते."

मले असा राग आला का फिल्म फाडावी वाटली. पण हातात धरल्यावर तो पांढरा दाग दिसला. धुक्यासारखा.

"अब्बा, तुमी त्यायले वाचवून राह्यले असं वाटते तुमाले. पण हा दाग खरा हाय. त्या तिघायपैकी कोणीतरी हा घेऊन रोज धुरात जाऊन राह्यला."

अब्बा खाली बसले. हे त्यायच्या ध्यानातच आलं नव्हतं.

३

फिल्मवर अजून एक चीज होती. दोन खांद्यायच्या मधात, पाठीच्या कण्याजवळ, एक पांढरी फक्क आकृती. इमलीच्या बीसारखी, पण तिच्याहून मोठी. एका बाजूले चपटी, दुसरीकडं गोल, आन् त्या गोलात एक दाणा. रिपोर्टात लिहिलं होतं, बाहेरची वस्तू.

लिफाफ्यावर व्हॅनवाल्याचा नंबर होता. प्रफुल नाव त्याचं. मी फोन लावला.

"दादा, नईम शेखचा फोटो तुमी काढला. माणूस कसा होता?"

"ताई, सगळे जाळरेषेवरून आले होते, आग अडवाले पट्टा जाळून ठेवते ना, तिथून. तोंडं राखेनं काळी. आधार कार्डं वनरक्षक मॅडमनं आंधीच जमा करून देल्ले होते. मी नाव पुकारलं, तो हाजिर म्हणला, मी निळं झबलं देल्लं. एवढंच."

"काई तरी याद असन."

"हं, दोनदा काढा लागला फोटो. श्वास रोकून धर म्हटलं तं त्याच्यानं रोकूनच होत नव्हता."

श्वास रोकता येत नाई. मंजे खोकला. आन् कॅम्पवर दिवसभर खोकणारा एकच माणूस, बुधू.

मी अम्मीची स्कूटी काढली आन् सीधी कॅम्पवर. पयले भेटली चंचलबाई. वनरक्षक हाय, पक्की नोकरी, कमरेले कोयता आन् बोलणं त्याच्यापेक्षा धारदार.

"काय वं आयत, डबा कुठी हाय? अब्बा तं घरी हाय तुहा."

"बाई, तुमचा फोटो साफ आला का?"

"माहा पयलाच नंबर होता. साफ. मंग मी फोनवर होती, मांगचं काई पाह्यलं नाई." तिनं डोळे बारीक केले. "तू काऊन इचारून राह्यली?"

मी काई बोलायच्या आंधीच रांधण्याच्या झोपडीतून जोराची शिट्टी वाजली. देवाजी जेवाले बलावून राह्यला होता. नावाले फायर वॉचर, पण म्हातारा माणूस, आगीवर जात नाई, सैपाक करते. शिट्टी वाजवून त्यानं ती वापस खुट्टीले टांगली. मी तिथीच खिळली. एका बाजूनं चपटी, दुसरीकडं गोल. आंत दाणा.

फिल्मवर शिट्टी होती.

४

"शिट्टी पाठीवर कोण घालते?" मी इचारलं. समोर असती तं प्रफुलनं पाहून काढाले लावली असती.

चंचलबाई हसली. "सगळेच. जाळरेषेवर पालापाचोळा ओढताना वाकूनच राहा लागते. समोर टांगली तं दातावर आदळते. म्हून दोरी गळ्यात आन् शिट्टी मांगून बनियनच्या आंत."

मंजे झबलं घातलं तरी बनियनच्या आंत ती कोणाले दिसणारच नाई. बरोबर.

पंगत बसली होती. बुधू कोपऱ्यात, खोकत खोकत भात कालवून राह्यला होता. मी त्याच्या मांगं गेली आन् बनियनमधून दोरी ओढली.

"ए पोरी! काय करून राह्यली?" बुधू दचकला. त्याचं पूर्ण मयन्यातलं बोलणं एवढंच असन.

शिट्टी निघाली. पाठीवरच होती. पण नारंगी, प्लास्टिकची.

"तुले स्टीलची नाई देल्ली?"

"ते जुन्यायजवळ हायेत. आमाले ह्या वर्षी हे देल्ली." तो परत खोकला. "बिडीनं होते," म्हणला, मी इचारलंच नव्हतं तरी.

मी बाजूले जाऊन प्रफुलले परत फोन लावला. "दादा, प्लास्टिक दिसते का फोटोत?"

"अशी पांढरी फक्क नाई दिसत. ते लोखंड, स्टील. आता ठेवू का ताई, लाइन लागली इथी."

बुधू नाई. खोकणारा हातात आला होता आन् निसटला. माहं डोस्कं गरम झालं.

"देवाजी," मी म्हाताऱ्याकडं वळली, "व्हॅन आली तवा तुमची शिट्टी कुठी होती?"

"खुट्टीवर. आन् मी तं इथी नव्हतोच बाप्पा. तुह्या अब्बासंगं आलापल्लीले गेलो होतो, तेल-तिखट आणाले. मांगं पूर्ण सामान भरलं, मंग तो दुरुस्त करून आणलेला ब्लोअर मले मांडीवर घ्या लागला. धोतराले पेट्रोलचा वास अजून जात नाई. बायको जवळ येऊ देत नाई."

"ह्या वयात जवळ जाऊन करतेस काय तू?" लटारूनं टोमणा मारला. सगळे हसले. लटारू हा कॅम्पचा रेडिओ. भात वाढताना गाणं, आग विझवताना गाणं. "आयत बाई, माही बी झडती घे ना. मी काय पाप केलं?"

त्याच्या छातीवर स्टीलची शिट्टी चमकून राह्यली होती. समोर.

"तुमी मांगं नाई टाकत?"

"माह्या पाठीवर ब्लोअर रायते. पानं उडवायचं यंत्र. शिट्टी मांगं टाकीन तं पाठीत खड्डा पडन." त्यानं शिट्टीवर एक लग्नाची धून वाजवली. "चारोळी भेटली का? तुह्या अब्बासाठी पाठवली होती."

चारोळी भेटली होती. त्याच्या आंधी मध बी भेटलं होतं.

एकाची शिट्टी प्लास्टिकची. एक त्या दिवशी कॅम्पवरच नव्हता, आन् अब्बानं ते मले सांगतलंच नव्हतं. एकाची समोर टांगलेली. तिघंबी सुटले, आन् छाती माह्या हातात तशीच.

स्कूटीले किक मारली आन् थांबली. देवाजीच्या मांडीवर काय होतं?

ब्लोअर.

५

जेवण झाल्यावर लटारू नाल्यावर प्लास्टिकच्या डबक्यायत पाणी भरून राह्यला होता. मी स्कूटी आडवी लावली.

"त्या दिवशी ब्लोअर दुरुस्तीले गेला होता," मी म्हटलं. "तुमची पाठ खाली होती. तुमी सगळ्यायसारखे वाकून पालापाचोळा ओढत होते."

त्यानं गाणं बंद केलं नाई. पण शब्द गेले, नुसती धून राह्यली.

"श्वास रोकता येत नव्हता, ते खोकल्यानं नाई. हसून राह्यले होते तुमी. नाई का?"

"त्या पोऱ्यानं झबलं देल्लं ना, मांगून उघडं," लटारू म्हणला. "आरशात पाह्यलं. हसू थांबेच नाई."

"मंग गेलेच काऊन आंत?"

"हाजिर तं मी आदतीनं म्हटलं. मले वाटलं नावावर टिक मारन आन् सोडन. त्यानं दार उघडलं. आंत एसी. भायेर जाळरेषेवर पायाच्या टाचा भाजून राह्यल्या होत्या. म्हटलं, बसू दोन मिन्टं, नईमभाऊच्या नावानं थंडा खाऊ." त्यानं डबकीचं झाकण लावलं, परत उघडलं. "चाबी घेतली तवा समजलं, दाग माहा हाय म्हून."

"आन् तुमी मुकाट बसले! माह्या बापाची गाडी गेली, तुमी मध पाठवून राह्यले!"

"आवाज नको चढवू. मी विचार केला होता." आता तो खरंच सिरियस झाला. लटारूचं तोंड असं मी कवाच पाह्यलं नव्हतं. "चंद्रपूरले नईमभाऊची छाती तपासन. ती साफच निघन. चाबी वापस. किस्सा खतम."

मी ऐकतच राह्यली. साला, बरोबर होतं. अब्बाचं काईच बिघडणार नव्हतं.

"आन् तुमची छाती?"

"माही?" त्यानं खांदे उडवले. "माही छाती कोणाच्या यादीतच नाई. साहेबाले सांगतलं तं हजेरी बंद. ना पॉलिसी, ना रोजी. त्याच्यापेक्षा मालूमच नाई असं समजाचं."

माहा राग कुठी गेला काय मालूम. मी इचारलं, "ताप येते?"

"संध्याकाळी येते थोडासा."

"घरी पोरगी लहान हाय ना तुमची. कोणाजवळ झोपते?"

डबकी भरून पाणी वरून वाहून राह्यलं होतं. त्यानं ती बाजूले केली नाई.

"माह्याजवळ," तो म्हणला.

६

आमच्या घरी चौघं बसलो. अब्बा, लटारू, मी आन् चंचलबाई. तिले मीच बलावलं होतं.

अब्बा म्हणाले, "सोपं हाय. चंद्रपूरचा स्कॅन माह्या नावावर मंजूर हाय. लटारू जाईन. कोण ओळखते?"

लटारूच्या डोळ्यात एकदम उजेड आला. मले बी वाटलं, हेच करावं.

"आन् मंग?" चंचलबाई कडाडली. "गोळ्या नईमच्या नावावर, बिमारी नईमच्या नावावर. मंग चाबी जन्मात भेटत नाई. आन् उद्या ह्याले खरंच भरती करा लागलं तं कोणत्या नावानं करसान? अरे, थुंकी तपासाले पॉलिसी लागते का? सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबी असन तं गोळ्या बी फुकट. कोणालेबी."

"मंग हा इतके दिवस काऊन भेत होता?" मी म्हटलं.

"हजेरीले भेत होतो," लटारू म्हणला. "ते तं फुकट नाई भेटत ना."

मंग तोच उठला आन् म्हणला, "चला साहेबाकडं."

साहेबाकडं लटारू स्वताच बोल्ला. कोणाले मधात बोलू देल्लं नाई. हाजिर, झबलं, एसी, सगळं सांगतलं. साहेब पयले तापले, मंग फिल्म उजेडात धरून शिट्टी पाहत बसले. शेवटी त्यायनं चंद्रपूर रद्द केलं आन् चाबी टेबलावरून अब्बाकडं सरकवली. लटारूच्या हजेरीचं 'बघतो' म्हणाले. ते अजून बघूनच राह्यले हायेत.

थुंकीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दवाखान्याच्या बाईनं त्याच्या बायकोले, पोरीले बी तपासलं. पोरगी साफ हाय. लटारू तोंडाले फडकं बांधून आंगणात येगळ्या खाटेवर झोपते आन् तिथूनच गाणे म्हणते. त्याच्या घरचा डबा आता आमच्या घरून जाते. पण मयनाभरानं त्याच्या रोजीचं काय, ते कोणाले मालूम नाई.

आन् पॉलिसीवाल्यायचा कायदा पाहा. ते म्हणे, नईम शेखची ह्या वर्षीची फुकट तपासणी होऊन गेली. मी फोनवर अशी भांडली का तिकडच्या बाईनं मले होल्डवर टाकून देल्लं. शेवटी प्रफुलच आपली चूक झाकाले व्हॅन घेऊन आला. अब्बाचा फोटो काढला. गाठ जाग्यावर, छाती साफ.

तो वायर गुंडाळून राह्यला होता तं चंचलबाईनं बुधूले खांद्याले धरून दारात उभं केलं.

"ह्याचा बी काढ. मंग देवाजीचा."

"मॅडम, यायचं नाव यादीत नाई. मशीनमध्ये नाव टाकल्याशिवाय..."

"माहं टाक," अब्बा म्हणाले.

"बिलकुल नाई!" मी ओरडली. "परत तेच? नाव बुधूचंच टाक. यादीत नसन तं नसन. मशीनले थोडीच मालूम हाय कोण पक्का आन् कोण रोजीवरचा."

प्रफुलनं साहेबाच्या हापिसाकडं पाह्यलं. खिडकीत साहेब उभे होते. पाहून राह्यले होते. त्यायनं 'हो' म्हटलं नाई, 'नाई' बी म्हटलं नाई. मंग हळूच खिडकी लावून घेतली.

प्रफुलनं बुधूले निळं झबलं देल्लं. बुधूनं शिट्टी काढून माह्या हातात देल्ली, आंत गेला, श्वास रोकला. खोकला बी नाई. जरा वेळानं प्रफुलनं त्याले पडद्याजवळ बलावलं.

"साफ हाय भाऊ. बिडी सोड फक्त."

बुधू पडद्यापुढून हलेच ना. आपल्या फासळ्यायवरून हवेतच बोट फिरवून राह्यला होता. मंग त्यानं मधातल्या पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"दिल," प्रफुल म्हणला.

"माहं?"

"तुहं."

बुधू मांगं वळला आन् दारातून आमाले सगळ्यायले हात करून बलावलं. "या ना," म्हणला. "पाहा ना, किती मोठं हाय."